बोडक्या मानेच्या आणि उलट्या पिसांच्या कोंबड्यांना आपल्या परसात जागा राहू द्या

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर परसातील कुक्कुटपालनाविषयी अधूनमधून मजकूर येतो आणि त्यात बहुधा सुधारित पिलांचे वाटप, अंड्यांचे भाव किंवा एखाद्या बचत गटाची कमाई यांची माहिती असते. ती आम्हाला उपयोगी पडते. परंतु आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेली जी वेगळ्या रूपाची कोंबडी आहे, म्हणजे बोडक्या मानेची, उलट्या पिसांची, शेंडीची, बांडी (म्हणजे शेपटी नसलेली) किंवा अगदी आखूड पायांची, तिच्याविषयी कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. ही कोंबडी माझ्या डोळ्यांदेखत कमी होत गेली. तिच्यात खोड नाही, ती रोगटही नाही आणि अपशकुनी तर नाहीच. ती शोधून जतन करण्यासारखी आहे आणि तसे करणे साध्या घरालाही जमते, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी नागभीड तालुक्याच्या धानपट्ट्यात राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे गेली २६ वर्षे, आमच्या सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, कोंबड्या माझ्याकडे आहेत. सासूबाईंच्या वेळी तीस-पस्तीस पक्ष्यांत दोन-तीन तरी बोडक्या मानेचे असत, आणि एक उलट्या पिसांची राखी कोंबडी होती, जिच्याखाली कोणाचीही अंडी ठेवली तरी ती शेवटपर्यंत उठत नसे. पुढे एका योजनेतून सुधारित जातीचे दोन कोंबडे घरी आले. ते अंगापिंडाने थोराड होते, म्हणून आम्ही आमचे गावठी कोंबडे विकून टाकले. चार-पाच वर्षांत सगळा कळप एका रंगाचा आणि एका चेहऱ्याचा झाला, अंडी थोडी वाढली, पण पुढच्या पिढ्यांतल्या तलंगा (तरुण कोंबड्या) खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसेनाशा झाल्या आणि पिले विकत आणण्याची वेळ आली. यात योजनेचा दोष आहे असे मी म्हणत नाही. आमचे कोंबडे आम्हीच विकले, आणि आपण काय विकतो आहोत हे सांगणारे कोणी जवळ नव्हते.

चार वर्षांपूर्वी चैत्रात आठवडी बाजारात एक म्हातारी डालग्याखाली एकच कोंबडी घेऊन बसलेली दिसली. कोंबडीच्या मानेवर एकही पीस नव्हते आणि उन्हाने तिची कातडी लालबुंद झाली होती. गिऱ्हाईक यायचे, पाहायचे आणि पुढे जायचे. मी विचारल्यावर म्हातारी म्हणाली, "ने ना बाई, खरूज झाली तिले, घरी ठेवून काय करू?" मी मानेवरून बोट फिरवून पाहिले. खरूज असती तर खपल्या लागल्या असत्या, आणि दुसऱ्या कोंबड्यांनी उपटलेली पिसे असती तर त्यांचे खुंट हाताला टोचले असते. येथे कातडी स्वच्छ व मऊ होती, आणि गळ्याच्या खालच्या बाजूला छातीजवळ पिसांचा एक छोटा झुपका होता. तो झुपका पाहून मी कोंबडी घेतली. त्या झुपक्याचा अर्थ मला तेव्हा पूर्ण माहीत नव्हता. सासूबाईंकडच्या कोंबड्यांना तो असे, एवढेच आठवत होते.

तो अर्थ पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यातील एका डॉक्टरांनी समजावून दिला, आणि तो प्रत्येक पाळणाऱ्याला माहीत असावा असे मला वाटते. बोडकी मान हा आईबापांकडून येणारा गुण आहे. तो एकाच बाजूने आला तर मान उघडी राहते, पण गळ्याखाली झुपका येतो. दोन्ही बाजूंनी आला तर झुपकाही जवळजवळ नाहीसा होतो. झुपका असलेली कोंबडी साध्या कोंबड्याशी लागली तर तिची साधारण निम्मी पिले बोडक्या मानेची निघतात, आणि अंड्यातून बाहेर पडल्याच दिवशी ती ओळखू येतात. मी त्या कोंबडीची ११ अंडी बसवली, ९ फुटली आणि त्यांतली ४ पिले उघड्या मानेची होती. उरलेल्या पाच पिलांत हा गुण लपून राहत नाही, त्यामुळे पुढे त्यांच्यापासून बोडक्या मानेची पिले होतील या आशेने त्यांना राखण्याचे कारण नसते. त्यांना खुशाल विकावे किंवा खावे.

आता या बोडक्या मानेचा फायदा काय, असे घरचे विचारतात. कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि तिला घाम येत नाही. तिला उष्णता बाहेर टाकता येते ती चोच उघडून धापा टाकून आणि पिसे नसलेल्या कातडीतून. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा दाट पिसांची कोंबडी दिवसभर धापा टाकते. धापेबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा परिणाम कवचावर होतो आणि अंडी पातळ कवचाची येतात. हा गुण एका बाजूने आलेल्या पक्ष्याच्या अंगावर सुमारे २० टक्के पिसे कमी असतात आणि दोन्ही बाजूंनी आलेल्याच्या अंगावर सुमारे ४० टक्के. म्हणजे अंग निवायला तेवढी जास्त जागा मिळते, शिवाय पिसे बनवायला लागणारी प्रथिनेही वाचतात. मे महिन्यात आमच्या साध्या कोंबड्या अंडी देणे थांबवतात, तेव्हाही या कोंबड्या दोन-तीन दिवसांआड एखादे अंडे देतात. बरेलीजवळ इज्जतनगर येथे असलेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच गुणाचा उपयोग करून 'हितकारी' नावाची परसात पाळायची कोंबडी तयार केली आणि उलट्या पिसांच्या कोंबडीपासून 'उपकारी' तयार केली. ज्या रूपाला आपण खरूज म्हणून बाजारात मातीमोल करतो, त्या रूपावर सरकारी संस्थेने एवढे काम केलेले आहे.

उलट्या पिसांच्या कोंबडीची कथा अधिक दुःखाची आहे. तिची पिसे मुळापासून बाहेरच्या बाजूला व पुढे वळलेली असतात आणि लांबून ती वाऱ्याने विस्कटल्यासारखी दिसते. चार्ल्स डार्विन यांनी १८६८ साली पाळीव पशुपक्ष्यांविषयी लिहिताना अशी कोंबडी हिंदुस्थानात दुर्मिळ नसल्याची नोंद केली होती. आज आमच्या भागातील दहा गावे फिरल्यावर मला तीन दिसल्या. याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे, पण ते कोणी बोलत नाही. करणी उतरवायची असो की घरातले दुखणे काढायचे असो, मांत्रिक उलट्या पिसांचीच कोंबडी मागतो, आणि अडलेले घर तिच्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजते. पैशाची नड असलेली बाई ती विकते, आणि बहुतेक वेळा ती तलंग पहिले अंडे घालण्याच्या आधीच जाते. श्रद्धेच्या वादात मी येथे शिरत नाही. परंतु दुखणे आले तर माणसाला दवाखान्यात न्यावे आणि कोंबडीला अंड्यांवर बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी आमच्या गटाच्या बैठकीतही मांडले आहे.

या कोंबडीचा एक नियम मात्र कधीही विसरू नये. उलट्या पिसांचा कोंबडा आणि उलट्या पिसांचीच कोंबडी अशी जोडी लावू नये. ज्या पिलांना हा गुण दोन्ही बाजूंनी मिळतो, आणि अशा जोडीत ती साधारण चारांत एक असतात, त्यांची पिसे इतकी ठिसूळ होतात की ती तुटून अंग उघडे पडते आणि हिवाळ्यात ती पिले कुडकुडत मरतात. नवशिका पाळणारा हौसेने दोन्ही पक्षी एकसारखे आणतो आणि नेमके हेच करतो. एक पक्षी उलट्या पिसांचा आणि दुसरा साध्या पिसांचा असावा. मग निम्मी पिले उलट्या पिसांची निघतात आणि सुदृढ राहतात. या कोंबडीला नीट उडता येत नाही, म्हणून तिला झाडावर बसायची सवय असलेल्या कळपात नुसते सोडून देऊ नये. तिच्यासाठी खुराड्यात हातभर उंचीवर दांडी बांधावी आणि खुराड्याची खालची फट मुंगसाला शिरता येणार नाही अशी बुजवावी. पावसाचे पाणी तिच्या पिसांवरून ओघळून जात नाही, ते आत मुरते, त्यामुळे आषाढाच्या झडीत तिला छपराखाली ठेवणेच बरे.

आखूड पायांच्या कोंबडीविषयी मला विशेष लिहायचे आहे, कारण तिच्यामुळे बायकांना बोल लागतो. आमच्या शेजारच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, एका घरी बुटक्या कोंबड्यांची जोडी होती. त्यांची अंडी बसवली की दर वेळी तीन-चार नासत, आणि घरातील वडील माणसे त्याचा दोष सुनेच्या विटाळावर टाकत. मी त्या सुनेला सातव्या दिवशी रात्री प्रत्येक अंडे टॉर्चच्या उजेडासमोर धरून पाहायला सांगितले. जी अंडी नासणार होती त्यांत रक्ताचे बारीक लाल कडे दिसले. म्हणजे गर्भ धरला होता आणि अगदी सुरुवातीला मेला होता. बुटकेपणाचा एक प्रकार असा आहे की तो दोन्ही बाजूंनी आला तर गर्भ तिसऱ्या-चौथ्या दिवसापलीकडे जगत नाही. बुटका कोंबडा आणि बुटकी कोंबडी एकत्र आली की चौथा हिस्सा अंडी वाया जाणारच, मग घरात कोणीही असो वा नसो. त्या घरी आम्ही बुटक्या कोंबडीला उंच पायांचा साधा कोंबडा लावून दिला. पुढच्या वेळी १० पैकी ९ अंडी फुटली आणि निम्म्या पिलांचे पाय आखूडच निघाले. त्या सुनेने ही गोष्ट पत्रात लिहायला मला आपणहून परवानगी दिली आहे.

शेंडीच्या कोंबडीला वरचे दिसत नाही. शेंडी डोळ्यांवर आली की घार किंवा शिक्रा अंगावर येईपर्यंत तिला पत्ता लागत नाही, म्हणून डोळ्यांपुढची पिसे कात्रीने कापत राहावे. मोठ्या शेंडीच्या काही पक्ष्यांच्या कवटीचे हाड वरून पूर्ण जुळलेले नसते, त्यामुळे भांडकुदळ कोंबड्यांत त्यांना ठेवू नये. बांड्या कोंबडीला शेपटीची हाडे नसतात आणि पिसांना लावायचे तेल ज्या ग्रंथीतून येते ती ग्रंथीही नसते, म्हणून ती पावसात लवकर भिजते. तिच्या मागच्या बाजूची दाट पिसे विणीच्या दिवसांत थोडी कापली तर अंडी फळण्याचे प्रमाण सुधारते.

दुसरीकडे आमच्याच भागातील काही होतकरू तरुण मोबाइलवर चित्रे पाहून सिल्की, ब्रह्मा, पोलिश कॅप अशा शोभेच्या कोंबड्या हजारो रुपये देऊन लांबून मागवतात. त्यांच्या हौसेचा मला राग नाही, कारण सुंदर पक्षी पाळावासा वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण सिल्कीचे पीस कापसासारखे सुटे असते आणि ते पाणी अडवत नाही. ब्रह्माच्या पायांवरची पिसे आमच्या धानाच्या चिखलात लडबडून त्यांचे गोळे होतात, आणि तिच्या जाड अंगाला आमचा मे महिना सोसत नाही. (ब्रह्मा हे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले असले तरी ती जात एकोणिसाव्या शतकात चीनहून नेलेल्या पक्ष्यांपासून अमेरिकेत तयार झाली, हे पुष्कळांना माहीत नसते.) माझ्या एका पुतण्याने अशा सहा कोंबड्या आणल्या होत्या आणि दोन उन्हाळ्यांत एकही उरली नाही. त्याच पैशांत त्याला आमच्या चार तालुक्यांतल्या सगळ्या वेगळ्या रूपाच्या कोंबड्या गोळा करता आल्या असत्या. त्या येथल्या उन्हात, येथल्या पावसात आणि येथल्या कण्या-कोंड्यावर वाढलेल्या आहेत.

कडकनाथचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील आदिवासी बांधवांनी ही काळ्या मांसाची कोंबडी सांभाळली आणि २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामागे त्या घरांची पिढ्यांची राखण आहे. आपल्या राज्यात मात्र २०१९ साली याच कोंबडीच्या नावाने जास्त भावाचे आमिष दाखवून शेतकऱ्यांचे पैसे बुडवले गेले. अजूनही कोणी कोणी कडकनाथ काळी अंडी देते असे सांगून पिले विकतो. कडकनाथचे अंडे फिक्या बदामी रंगाचे असते. शिवाय तिच्या मिश्र पिलांतही काळेपणा उतरतो, त्यामुळे काळी कातडी पाहून शुद्ध जातीची खात्री धरू नये. आईबाप पाहिल्याशिवाय कोणतीही 'दुर्मिळ' कोंबडी घेऊ नये, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

शोधायचे कोठे, तर मोठ्या बाजारात नव्हे. मोठ्या बाजारात येतात ते कापायला निघालेले पक्षी. नागभीड, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी या तालुक्यांतील जंगलालगतच्या टोल्यांत, जेथे डांबरी रस्ता उशिरा पोहोचला आणि वाटपाची पिले कमी गेली, तेथे अजून असे पक्षी दिसतात. गोंड आणि माना समाजाच्या घरांतील वयस्क बायकांना आपल्या कोंबडीची आई, आजी आणि पणजी सांगता येते. त्यांच्याशी बोलल्याशिवाय पक्षी मागू नये. आणि त्यांच्या घरातली शेवटची कोंबडी कधीही उचलून आणू नये, कारण आपण जतन करतो म्हणायचे आणि तिच्या मूळ घरातून ती नाहीशी करायची, याला काही अर्थ नाही. मी कोंबडी न मागता अंडी मागते आणि बदल्यात माझ्याकडची तेवढीच अंडी देते. अंडी सात दिवसांच्या आतली असावीत. टोपलीत धानाचा कोंडा किंवा तणस पसरून, निमुळते टोक खाली करून ती ठेवावीत, सकाळच्या थंड वेळी आणावीत आणि एक दिवस स्थिर ठेवून मग कोंबडीखाली घालावीत. दुपारच्या उन्हात मोटारसायकलवरून आणलेली माझी १४ अंडी पहिल्या वर्षी सगळी वाया गेली होती.

मोकळ्या सोडलेल्या कळपात जात टिकत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गावातला प्रत्येक कोंबडा सगळ्यांच्या परसात फिरतो. शिवाय कोंबडीच्या अंगात कोंबड्याचे बीज दोन-तीन आठवडे टिकते, त्यामुळे आज कोंबडा बदलला तरी पुढच्या दहा-पंधरा दिवसांतील अंडी आधीच्या कोंबड्याचीही असू शकतात. म्हणून मी बांबूच्या तट्ट्यांचा एक लहान वाडा केला आहे. ज्या कोंबड्यांपासून पिले घ्यायची त्यांना निवडलेल्या कोंबड्याबरोबर तीन आठवडे त्यात ठेवते आणि त्यानंतरचीच अंडी बसवते. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, पण घरात दोन असावेत, म्हणजे एक मुंगसाने नेला तरी वंश अडत नाही. बापाची आणि मुलीची जोडी होऊ नये म्हणून दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या मैत्रिणीशी कोंबडा बदलते. पिलांच्या पायात रंगीत दोरा बांधते आणि कोणत्या दोऱ्याचे पिलू कोणाचे, हे मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवते.

आता माझ्या हातून झालेली चूकही सांगितली पाहिजे. बाजारातून आणलेली ती पहिली बोडक्या मानेची कोंबडी मी त्याच संध्याकाळी कळपात सोडली. ती स्वतः धडधाकट होती, पण तिच्याबरोबर मानमोडीचा रोग आला. आठव्या दिवशी हिरवी हगवण, दहाव्या दिवशी माना वाकड्या, आणि पंधरा दिवसांत माझ्या २३ पैकी १९ कोंबड्या गेल्या. त्यांत सासूबाईंच्या राखी कोंबडीच्या वंशातली शेवटची तलंगही गेली. तेव्हापासून कोणताही नवा पक्षी मी घराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या भांड्यातल्या पाण्यावर, तीन आठवडे वेगळा ठेवते आणि त्याला आधी न हाताळता शेवटी हाताळते.

मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर आर-२-बी लसीची सुई, एवढ्याने मोठा धोका टळतो. बोडक्या मानेच्या पक्ष्यांना देवीची लसही द्यावी. अडचण अशी आहे की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराने ती कशी आणावी? आमच्या गटातील १२ घरांनी एकच दिवस ठरवला आणि तालुक्याच्या दवाखान्यातून थर्मासमध्ये लस आणली. सकाळी खुराडे उघडण्याच्या आधीच घराघरांतून ती दिल्यामुळे पक्षी धरायला धावाधाव झाली नाही. त्या वर्षापासून आमच्या टोलीत मानमोडीने कळपच्या कळप गेलेला नाही. उष्णता बऱ्यापैकी सहन करणारी आय-२ नावाची लस ऑस्ट्रेलियात खास गावातील कोंबड्यांसाठी विकसित झाली आणि आफ्रिका व आशियातील काही देशांत ती वापरली जाते. अशी लस लहान बाटलीत आमच्यापर्यंत पोहोचवण्याचा विचार पशुसंवर्धन विभागाने अवश्य करावा.

असील या झुंजार जातीच्या कोंबड्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या जिल्ह्यांत उत्तम असील आहेत आणि ते कोंबडबाजारासाठीच, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजींसाठीच, राखले जातात. पायाला काती (धारदार पाते) बांधून पक्षी झुंजवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि ते पाहणेही मला असह्य होते. पण या लोकांना पक्ष्याची जी पारख आहे ती खरी आहे. कोणत्या कोंबडीचा कोंबडा घ्यावा, पाय कसे पाहावेत, पिलू कितव्या महिन्यात वेगळे करावे, हे ते जाणतात. असीलची कोंबडी अंडी फार थोडी देते, पण ती पिलांसाठी घारीच्याही अंगावर जाते. झुंजीचा पैसा बंद झाला आणि दुसरे काही मोल मिळाले नाही, तर हा वंशही कढईत जाईल. पशुप्रदर्शनात असील आणि इतर गावठी पक्ष्यांसाठी वेगळा गट ठेवून चांगल्या पाळणाऱ्याला बक्षीस दिले, तर त्यांच्या हातातले ज्ञान कायद्याच्या बाजूला येईल.

देशी जातींची नोंदणी कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो करतो. विदर्भाच्या गवळाऊ आणि कठाणी गायी, नागपुरी म्हैस आणि बेरारी शेळी त्या यादीत आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला कोंबडी आली ती बुसरा, गुजरातेतील आणि आपल्या नंदुरबार-नवापूर भागातील. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ च्या फेब्रुवारीत झाली ती याच नवापूरला, आणि त्या वेळी साथ रोखण्यासाठी परसातले पक्षीही नष्ट करावे लागले होते. ते आवश्यकच होते. पण एखादी जात एकाच भागात उरली असेल तर एका साथीत ती किती सहज जाऊ शकते, हे त्यावरून कळते. म्हणून एका ठिकाणी मोठा प्रकल्प उभारण्यापेक्षा पन्नास गावांत दोन-दोन घरांनी हे पक्षी राखणे मला अधिक भरवशाचे वाटते.

२०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाखांच्या आसपास मोजले गेले आणि २०१२ च्या तुलनेत ती वाढ सुमारे ४६ टक्के होती. पण संख्या वाढली म्हणजे वैविध्य टिकले असे होत नाही. ज्यांची जात नोंदलेली नाही असे सगळे पक्षी एकाच 'गावठी' रकान्यात जातात, आणि त्यात बोडक्या मानेची किती, उलट्या पिसांची किती, हे कोणालाच कळत नाही. नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याच शहरात १९५८ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. तेथील विद्यार्थ्यांनी दोन सुट्ट्यांत गावे वाटून घेऊन एवढी मोजणी केली तरी पहिली पायरी होईल. आणि ज्या टोल्यांत असे पक्षी सापडतील तेथे सुधारित पिलांच्या वाटपात कोंबडे न देता केवळ तलंगा द्याव्यात, ही माझी विभागाला नम्र विनंती आहे. घरात येणारी तलंग अंडी देते, पण तिच्यामुळे घरचा गावठी कोंबडा विकला जात नाही.

माझ्याकडे आज बोडक्या मानेचे सात आणि उलट्या पिसांचे चार पक्षी आहेत. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की मी अंडी बसवायला घेईन, म्हणजे होळीपर्यंत पिले हाताशी येतील. आमच्या आठवडी बाजारात ज्यांना मी भेटते त्या भगिनींनी बदल्यात आपल्या घरची सात दिवसांच्या आतली अंडी आणावीत. मी पैसे घेणार नाही. मात्र उलट्या पिसांची जोडी मी कोणालाही देणार नाही. एक उलट्या पिसांचा आणि एक साध्या पिसांचा, असेच दोन पक्षी मिळतील, आणि ते नेण्याआधी खुराड्याची खालची फट बुजवली आहे का, हे मी विचारणार आहे.

आपली नम्र,
एक कोंबडीपालक शेतकरी महिला
ता. नागभीड, जि. चंद्रपूर